डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

१ सप्टेंबर १९३८ या दिवशी मुंबईच्या बंदरातून ‘राजपुताना’ नावाची आगबोट निघाली. त्या काळी परदेशी निघालेला तरुण डॉक्टर म्हटला, की तो विलायतेस जाणार, तेथील मोठी पदवी घेणार आणि परत येऊन दाराशी नावाची पाटी लावणार, असे लोक गृहीत धरीत. या आगबोटीवरील पाच भारतीय डॉक्टरांची वाट मात्र निराळी होती. ते पूर्वेकडे, चीनला निघाले होते. चीनमध्ये युद्ध पेटले होते. तेथे त्यांना पदवी मिळणार नव्हती, पैसा मिळणार नव्हता आणि सुखरूप परत येण्याची हमीही कोणी देऊ शकत नव्हते. या पाचांपैकी एक जण सोलापूरचा होता. त्याला अठ्ठावीस वर्षे पूर्ण व्हायलाही महिन्याहून अधिक अवकाश होता. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील तेथील गिरणीत नोकरीस होते. घर मध्यम स्थितीतले, भावंडे पुष्कळ. थोर माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या बालपणात पुढील मोठेपणाच्या खुणा हुडकण्याची चरित्रकारांना मोठी हौस असते. तसा खटाटोप मी येथे करीत नाही. चारचौघांच्या घरात वाढतो तसाच हा मुलगा वाढला. मात्र तो ज्या गावात वाढला, ते गाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सोलापूर हे गिरण्यांचे आणि कामगारांचे गाव. भोंग्याने जागे व्हावे, उन्हाळ्यात भट्टीसारखे तापावे, ही त्याची रीत. १९३० च्या मे महिन्यात सविनय कायदेभंगाच्या चळवळीत हे गाव असे उसळले, की ब्रिटिश सरकारला तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरचे चार देशभक्त फासावर गेले. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. आपल्या गावचे हे दुःख त्यांच्या कानांवर आले नसेल, असे कसे म्हणावे?

वैद्यकाच्या शिक्षणासाठी द्वारकानाथ मुंबईस आले आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. त्याच्या जन्मामागे एक अट होती. तेथे शिकविणारे सर्व अध्यापक भारतीय असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत, या बोलीवरच दात्यांनी देणगी दिली होती. मोठमोठ्या रुग्णालयांतील वरच्या जागा गोऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवण्याचा तो काळ. भारतीय माणसाच्या हातीही शस्त्रक्रियेची सुरी तितक्याच विश्वासाने देता येते, हे या संस्थेला सिद्ध करून दाखवायचे होते. अशा ठिकाणी द्वारकानाथांनी आपली विद्या घेतली. पदवी मिळाली. पुढचा अभ्यास सुरू झाला. आणखी थोड्या वर्षांत चांगला जम बसला असता. घरच्या मंडळींनीही तशीच आशा धरली असणार.

इकडे हे चालले असता चीनमध्ये काय घडत होते, ते पाहू. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंग शहराजवळच्या एका पुलापाशी जपानी व चिनी सैन्यांत चकमक झडली आणि तिचे रूपांतर मोठ्या युद्धात झाले. जपानने चीनची शहरे एकामागून एक घेतली. विमानांतून होणाऱ्या बाँबवर्षावात सैनिक आणि सामान्य माणसे यांत भेद राहिला नाही. चीन देश अफाट, लोकसंख्या अफाट. परंतु त्या मानाने शिकलेले डॉक्टर फारच थोडे आणि औषधे त्याहून थोडी. रणांगणावर ज्याच्या पायाला गोळी लागे, तो गोळीने मरत नसे. पुढे आठ दिवसांनी जखम सडून मरे. अशा वेळी चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून भारताने डॉक्टर व औषधे पाठवावीत अशी विनंती केली.

मुलांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. भारत स्वतःच त्या वेळी पारतंत्र्यात होता. आपल्या खेड्यापाड्यांत पटकी आणि हिवताप यांनी माणसे मरत होती आणि दहा-दहा कोसांत डॉक्टर मिळत नव्हता. मग आपले डॉक्टर दुसऱ्याच्या देशात का पाठवायचे? ही शंका काही खोटी नव्हे. घरचे भांडे रिकामे असता शेजाऱ्याला वाढण्यासारखाच हा प्रकार वाटेल. परंतु त्या काळच्या आपल्या नेत्यांनी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. एका देशावर चालून आलेली गुलामगिरी ही त्या एका देशापुरती राहत नाही, आणि जो स्वतः बेडीत आहे त्यालाच दुसऱ्याच्या पायांत पडणाऱ्या बेडीचा आवाज आधी ऐकू येतो, असे त्यांना वाटले. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले. जुलै १९३८ मध्ये ठिकठिकाणी ‘चीन दिन’ पाळण्यात आला आणि निधी गोळा करण्यात आला. त्यातून सुमारे २२,००० रुपये जमले. आजच्या हिशेबाने ही रक्कम लहान वाटते. पण एका पारतंत्र्यातील देशाने दुसऱ्या देशासाठी हा निधी उभा केला होता, हे विसरून चालणार नाही.

पैसा जमला, पण पैसा काही जखम बांधू शकत नाही. त्यासाठी माणसे हवी होती. पथकाचे प्रमुख झाले अलाहाबादचे डॉक्टर अटल. स्पेनमधील यादवी युद्धात जखमींची सेवा करून ते नुकतेच आले होते. दुसरे नागपूरचे डॉक्टर चोळकर. हे दोघे वयाने प्रौढ होते. कलकत्त्याचे डॉक्टर मुखर्जी व डॉक्टर बसू आणि सोलापूरचे डॉक्टर कोटणीस हे तिघे तरुण होते. कोटणीसांनी आपले नाव दिले तेव्हा चीनविषयी त्यांना फारशी माहिती नव्हती, असे त्यांच्या घरचे पुढे सांगत. रेशीम विकायला दारोदार येणारे चिनी फेरीवाले तेवढे ठाऊक. त्यांनी घरी परवानगी मागितली. आईचे मन दुःखी झाले. वडिलांनी मात्र उत्तेजन दिले. पित्याचा आशीर्वाद आणि आईचे अश्रू अशी ही शिदोरी घेऊन ते आगबोटीवर चढले. वडिलांची ती शेवटची भेट ठरली.

सतरा दिवसांनी पथक कँटन शहरी पोचले. चीनचे थोर पुढारी डॉक्टर सन यत्-सेन यांच्या पत्नीने त्यांचे स्वागत केले. परंतु स्वागतसमारंभांना युद्धात फार वेळ नसतो. महिनाभरातच कँटन जपान्यांच्या हाती पडले, पाठोपाठ हँकौ पडले. पथक काम करीत करीत मागे सरत यांगत्से नदीच्या खोऱ्यातून चुंगकिंग येथे आले. येथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले होते. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के दि-हुआ’. आजही चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात. कोटणीस हे आडनाव तेथे फार थोड्यांना उच्चारता येईल.

याच सुमारास सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरचा आधार गेला होता. मागे मोठा संसार होता. पुत्राने अशा वेळी घरी परतावे, हीच आपल्याकडची रीत, आणि कोटणीस परतले असते तर त्यांना कोणीही नावे ठेवली नसती. त्यांच्या भोवतालच्या माणसांनी तोच सल्ला दिला. त्या रात्री त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना करणेही कठीण. सकाळ झाल्यावर ते कामावर गेले, एवढे खरे. हा निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी प्रत्येकाचे मत वेगळे होईल. शाळेत असताना मला तो कठोर वाटे. आता इतक्या वर्षांनंतर मला वाटते, की मागे फिरण्याची वाट मोकळी असताना पुढे जाणे हे त्यांनी पहिल्यांदा येथे केले. आणि पुढील चार वर्षांत त्यांना ते पुन्हा पुन्हा करावे लागले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडील येनान या गावी पोचले. चिनी साम्यवाद्यांचे हे मुख्य ठाणे. माओ त्से-तुंग येथेच राहत असत. येनानचा प्रदेश पिवळ्या, मऊ मातीच्या टेकड्यांचा. या टेकड्या पोखरून लोकांनी घरे केली होती. गुहांतच शाळा, गुहांतच कचेऱ्या आणि गुहांतच रुग्णालय. गावावर विमानांतून बाँब पडत. म्हणून टेकडीच्या पोटातील ही घरे सर्वांत सुरक्षित. ओळीने कोरलेल्या गुहा, आत मातीचे ओटे, ओट्यांवर गवताच्या गाद्या आणि त्यांवर पडलेले जखमी, असे ते रुग्णालय होते. परळच्या फरशीच्या स्वच्छ दालनांतून आलेल्या डॉक्टराला हे पाहून काय वाटले असेल! अन्नही तसेच साधे. रोज राळ्याचा भात नाहीतर पेज. आपल्याकडे राळे आता विरळा दिसतात. उत्तर चीनमध्ये गरिबाचे ते मुख्य धान्य होते. थंडी इतकी कडक, की पाण्याचे भांडे रात्रीतून गोठावे. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाने ती कशी सोसली असेल, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

एव्हाना पथक विरळ होऊ लागले होते. प्रकृतीने साथ न दिल्यामुळे १९३९ मध्ये डॉक्टर चोळकर व डॉक्टर मुखर्जी यांना परतावे लागले. उरलेल्या तिघांनी येनानमध्ये न राहता प्रत्यक्ष युद्धाच्या आघाडीवर जाण्याची परवानगी मागितली. शत्रूच्या ताब्यातील मुलूख रात्रीच्या अंधारात ओलांडीत, डोंगरांतून पायी व घोड्यांवरून प्रवास करीत ते निघाले. पुढे डॉक्टर अटल आजारी पडून मायदेशी परतले. डॉक्टर बसू व डॉक्टर कोटणीस पूर्वेकडील डोंगराळ सीमाप्रदेशात पोचले. काही काळाने बसूंना येनानला परत बोलावण्यात आले. पाचांपैकी त्या सीमाप्रदेशात आता एकटे कोटणीस उरले.

हा सीमाप्रदेश शान्सी, चाहार व होपे या तीन प्रांतांच्या सरहद्दीवर होता. सभोवती जपानी फौजेची ठाणी, मध्ये डोंगर आणि डोंगरांत लढणारे चिनी सैनिक व शेतकरी. याच प्रदेशात नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे एक निष्णात शल्यविशारद काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, तिचे विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. हातमोजे मिळत नसल्यामुळे ते उघड्या हातांनी शस्त्रक्रिया करीत असत. त्यांच्या नावाने तेथे एक रुग्णालय आणि वैद्यकाची शाळा चालविण्यात येत होती. कोटणीस या शाळेत शिकवू लागले.

शिकविण्यासाठी भाषा हवी. दुभाष्याला मध्ये घेऊन काही काळ काम भागले. पण जखमी माणूस दुभाष्याची वाट पाहत नाही. दुखते कोठे, हे तो आपल्या भाषेतच सांगणार. म्हणून कोटणीसांनी चिनी भाषेचा ध्यास घेतला. ज्या लिपीत मुळाक्षरे नाहीत आणि शब्दागणिक वेगळी आकृती गिरवावी लागते, ती लिपी तिशीला आलेल्या डॉक्टराने पाटी घेऊन बसणाऱ्या मुलाप्रमाणे गिरविली. थोड्याच काळात ते चिनी भाषेतून व्याख्याने देऊ लागले आणि पुढे तर त्यांनी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग फार मोलाचा वाटतो. रणांगणावरील धैर्याच्या गोष्टी पुष्कळ वाचायला मिळतात. परंतु दुसऱ्यांना मदत करायला गेलेल्या विद्वान माणसाने आधी स्वतः विद्यार्थी होऊन खाली बसावे, हे क्वचितच घडते.

१९४० च्या उत्तरार्धात चिनी सैन्याने जपानी ठाण्यांवर मोठा हल्ला चढविला. जखमींची रीघ लागली. डोंगरपायथ्याच्या एका ठिकाणी कोटणीसांनी आपले शस्त्रक्रियेचे टेबल मांडले. १३ दिवसांत ८०० हून अधिक जखमी त्यांच्याकडे आले आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केली. एकदा तर त्यांनी सलग ७२ तास न झोपता काम केले. तीन दिवस आणि तीन रात्री! एक जखमी उचलून नेला की दुसरा पुढे ठेवीत. हात धुवावे, सुरी उचलावी, गोळी काढावी, टाके घालावे आणि पुन्हा हात धुवावे. जवळ तोफांचे आवाज होत असता त्यांना तेथून हलण्याचा आग्रह केला गेला. पण टेबलावरचा जखमी टाकून ते गेले नाहीत.

जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठी इमारत उभी राहते. येथे तसे काही नव्हते. खेड्यांतील शेतकऱ्यांची घरे हेच रुग्णविभाग. शत्रू डोंगरात शोध घेत आला की सारे रुग्णालय खेचरांच्या पाठीवर आणि माणसांच्या खांद्यांवर चढे आणि रातोरात दुसऱ्या खोऱ्यात जाई. शत्रूने नाकेबंदी केल्यामुळे औषधे बाहेरून येत नसत. वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. मोडलेल्या हाडांना बांधायच्या फळ्या गावच्या सुताराकडून करून घ्यायच्या. अशा स्थितीत कोटणीस सकाळी शस्त्रक्रिया करीत, दुपारी शिकवीत आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तकाची पाने लिहीत. शेतकरी आपल्या घरच्या आजाऱ्यांसाठीही त्यांना बोलावीत आणि तेही जात. सावळ्या वर्णाचा आणि आईसारखा जपणारा हा परदेशी डॉक्टर; म्हणून तेथील माणसे त्यांना ‘काळी आई’ म्हणत, असे सांगतात. आपल्याकडचा शेतकरी आपल्या जमिनीला याच नावाने हाक मारतो, हे त्या चिनी शेतकऱ्यांना अर्थातच ठाऊक नव्हते. कोटणीसांना मात्र तो शब्द ऐकून आपल्या मुलखाची आठवण झाली असेल.

वैद्यकाच्या त्याच शाळेत ग्वो चिंग-लान नावाची एक तरुण अध्यापिका रुग्णशुश्रूषा शिकवीत असे. पेकिंगच्या नामांकित रुग्णालयात तिचे शिक्षण झाले होते आणि तिला इंग्रजी येत असे. बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी या दोघांची प्रथम भेट झाली. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी ऑगस्ट महिन्यात त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये यांनी त्याचे नाव सुचविले ‘यिन-हुआ’. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चीनच्या साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले. ते आता त्या लोकांत पाहुणे राहिले नव्हते.

परंतु शरीर थकले होते. अपुरे अन्न, अपुरी झोप आणि वर्षानुवर्षांची दगदग यांनी त्यांची प्रकृती पोखरली. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. स्वतः डॉक्टर असल्यामुळे हा आजार काय आहे, हे त्यांना दुसऱ्याने सांगण्याची गरज नव्हती. सीमाप्रदेश सोडून दूर जावे, चांगला उपचार घ्यावा, असे वरिष्ठांनी सुचविले. जावे, तर मागे रुग्णालयाचे काय आणि अर्ध्यावर राहिलेल्या शिष्यांचे काय? चुंगकिंगमध्ये वडील गेले तेव्हा जो प्रश्न पडला होता, तोच आता निराळ्या रूपाने समोर आला आणि त्यांनी उत्तरही तेच दिले. येथे मात्र माझे मन त्यांच्याशी थोडे भांडते. काही महिने विश्रांती घेऊन ते परतले असते, तर कदाचित आणखी कितीतरी वर्षे काम करू शकले असते. दुसऱ्याचे शरीर वाचविण्यासाठी झटणाऱ्याने आपल्या शरीराकडे असा कानाडोळा करू नये. पण शांत घरात बसून असे म्हणणे सोपे आहे.

डिसेंबर १९४२ मधील कडाक्याची थंडी. कोटणीस होपे प्रांतातील गेगुंग नावाच्या खेड्यात राहत होते. ८ तारखेच्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे पुस्तकाचे लेखन करीत बसले असता त्यांना झटका आला. तो ओसरला, पुन्हा आला. सहकारी डॉक्टर रात्रभर झटत राहिले. ज्या हातांना त्यांनी शिकविले होते, तेच हात आता त्यांच्यावर उपचार करीत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शस्त्रक्रियेवरील एक पुस्तक त्यांनी पुरे केले होते. दुसरे अपुरे राहिले.

परिसरातील शेतकऱ्यांनी त्यांना खांद्यावरून नेले आणि नानचुआन या गावी हुतात्म्यांच्या भूमीत त्यांचे दफन केले. पुढे युद्ध संपल्यावर त्यांचे अवशेष शिजियाझुआंग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात हलविण्यात आले. डॉक्टर बेथ्यून यांची समाधीही त्याच उद्यानात आहे. एक कॅनडाचा, एक भारताचा. जिवंतपणी त्यांची गाठ पडली नाही.

भारतात कोटणीसांचे नाव घरोघर पोचले, ते एका चित्रपटामुळे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवर तो आधारलेला होता आणि कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली होती. चित्रपटात गाणी असतात, नाट्य असते आणि कल्पनेचा भागही असतो. म्हणून ज्यांनी तो पाहिला असेल त्यांनी चरित्र वेगळे वाचावे. १९६२ मध्ये भारत आणि चीन यांच्यांत युद्ध झाले आणि दोन्ही देशांची मने दुरावली. परंतु त्या दुराव्यातही शिजियाझुआंग येथील समाधी तशीच जपली गेली. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने कोटणीसांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. सोलापुरातील त्यांच्या घराचेही आता स्मारक झाले आहे.

आईबापांनी मोठ्या आशेने ज्याच्या नावात दोन देश गुंफले, तो यिन-हुआही वैद्यकाचे शिक्षण घेऊ लागला होता. पण १९६७ मध्ये, वयाची पंचविशी पुरी होण्यापूर्वीच, तो वारला. ग्वो चिंग-लान मागे राहिल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, पतीच्या भावंडांना भेटल्या. २०१२ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

शिजियाझुआंग शहरात आज ‘के दि-हुआ’ यांच्या नावाने वैद्यकाची एक शाळा चालते. तेथे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात. बहुतेक सतरा-अठरा वर्षांचे, घरापासून प्रथमच दूर आलेले. शाळेच्या आवारात सोलापूरच्या या डॉक्टराचा दगडी पुतळा आहे. पहिल्या वर्गात जाण्यापूर्वी हे विद्यार्थी त्या पुतळ्यासमोर रांगेने उभे राहतात आणि रुग्णसेवेची शपथ घेतात.